साठ हजारांची पुडी आणि कमरेचा घेर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या महिला पुरवणीतला रजोनिवृत्तीनंतरच्या आरोग्याविषयीचा लेख मी दोनदा वाचला. पाळी थांबल्यावर वजन का वाढते, साखर का डोकावू लागते, गुडघे का कुरकुरतात, हे त्यात सोप्या भाषेत आले होते आणि त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. या सगळ्यावर ‘ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि एखादी चांगली मल्टिव्हिटॅमिन गोळी’ सुरू करावी, असा सरसकट सल्ला तिथे दिला होता, आणि त्याच पानावर खाली तशाच गोळ्यांची जाहिरात होती. लेख आणि जाहिरात यांचा संबंध नसेलही. पण वाचणाऱ्या बाईला तो दिसतोच. मी नागपुरात एकोणतीस वर्षे औषधे देण्याच्या खिडकीमागे बसले आहे, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, आणि स्वतः या वयातून गेले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाच्या आसपास जाते; पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी एकावन्न धरतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाले की मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते, वाईट कोलेस्टेरॉल वाढते, इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखी दाद देत नाही आणि पहिली काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. म्हणजे खाणेपिणे तेच राहून पोट सुटते, आणि घरातले म्हणतात, ‘आता आराम आहे ना, म्हणून.’ चयापचय बिघडला आहे की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टर पाच गोष्टी पाहतात. आशियाई स्त्रीसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, चांगले कोलेस्टेरॉल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचांपैकी तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचे. या पाचांत एकही जीवनसत्त्व नाही, हे मुद्दाम नोंदवते.

आमच्या महिला मंडळात मागच्या वर्षी आम्ही शिवणाची टेप घेऊन एकमेकींच्या कमरा मोजल्या. आधी हसण्यावारी गेले. ‘निऱ्यांवरून मोजू नका हो, तिथे दोन इंच साडीच आहे,’ असे एकीने सांगितल्यावर मात्र सगळ्या गंभीर झाल्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजायचे असते. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. बावीस जणींपैकी त्याच्या आत बसलेल्या फक्त तिघी निघाल्या. त्यानंतर मी विचारले की ड जीवनसत्त्वाची तपासणी कितीजणींनी केली आहे. सतरा हात वर आले. मग विचारले की गेल्या वर्षभरात रक्तदाब कितीजणींनी मोजला. नऊ हात आले. ज्याला दीड हजार रुपये पडतात ते झाले होते आणि जे शेजारच्या दवाखान्यात जवळपास फुकट होते ते राहून गेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ज्यांचे पोट सुटलेले असते, साखर वाढलेली असते, त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडते, ही गोष्ट खरी आहे आणि अनेकदा दिसून आलेली आहे. तेवढ्यावरून ते भरून काढले की साखर उतरेल, असा निष्कर्ष काढला जातो, आणि गल्लत तिथेच होते. हे जीवनसत्त्व चरबीत मुरते, त्यामुळे अंगात चरबी जास्त असली की रक्तातला आकडा आपोआप खाली राहतो. शिवाय ज्या बाईचे गुडघे दुखतात, जिला दम लागतो, ती घराबाहेर उन्हात कमी जाते. म्हणजे आकडा खाली असणे हे बिघाडाचे कारण असण्याऐवजी पुष्कळदा त्याची सावली असते. सावलीला कितीही औषध पाजले तरी माणूस बरा होत नाही.

हे माझे मत नाही, मोठ्या प्रयोगांतून दिसलेली गोष्ट आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात रजोनिवृत्त झालेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या. सरासरी सात वर्षे हे चालले. २००६ साली निकाल आले तेव्हा खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारलेली दिसली, पण खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण एकूण गटात ठळकपणे घटले नाही, आणि मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी जास्त झाले. याच स्त्रियांत मधुमेह होण्याच्या प्रमाणात नंतर पाहिले तेव्हा काही फरक नव्हता. कोणी म्हणेल, ४०० युनिट म्हणजे दाढेलाही न पुरणारी मात्रा. रास्त आहे. म्हणूनच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना त्याच्या दहापट, म्हणजे रोज ४००० युनिट दिले गेले. मधुमेह होण्यात जो थोडा फरक दिसला तो योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या, अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या प्रयोगात रोज २००० युनिटने हृदयविकार कमी झाले नाहीत आणि २०२२ च्या अहवालानुसार हाडे मोडणेही कमी झाले नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. २०२३ मध्ये अशा तीन प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांत ड जीवनसत्त्वाने मधुमेहाची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि २०२४ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने अशा जास्त धोक्याच्या लोकांसाठी ते सुचवलेही. पण त्याच मार्गदर्शनात निरोगी प्रौढांची सरसकट ड जीवनसत्त्वाची तपासणी करू नये, असेही सुचवले आहे. हा भाग तपासण्यांचे पॅकेज विकणाऱ्या पत्रकात कधी दिसत नाही. आणि १५ टक्के कशाच्या बाजूला ठेवून पाहायचे तेही पाहावे. रोजचे चालणे आणि थोडे वजन उतरवणे यांनी अमेरिकेतल्या २००२ च्या प्रयोगात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी केले होते. तुलना परदेशाशी नको असेल तर चेन्नईचा २००६ चा भारतीय प्रयोग आहे: आपल्यासारख्या खाणाऱ्या, आपल्यासारख्या अंगाच्या ५३१ लोकांत जीवनशैली बदलून २८.५ टक्के घट झाली, आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीने २६.४ टक्के. चालण्याने गोळीची बरोबरी केली. मात्र चालण्याची जाहिरात कोण देणार?

मला हे पत्र लिहावेसे वाटण्याचे खरे कारण घरातले आहे. माझ्या मोठ्या वहिनी सहासष्ट वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी कंबर दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, ड जीवनसत्त्व कमी निघाले, आणि डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे साठ हजार युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा आठ आठवडे लिहून दिल्या. चिठ्ठीवर ते इंग्रजी लघुरूपात होते. औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने पाकिटावर पेनाने ‘१ × ८’ एवढेच लिहिले. वहिनींनी त्याचा अर्थ आठ दिवस असा लावला. आठ दिवस रात्री दुधातून घेतल्या, बरे वाटले म्हणाल्या, आणि तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा आणल्या. मग पुन्हा. चिठ्ठी कोणी काढून घेतली नाही, तारीख कोणी पाहिली नाही. जोडीला सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमची गोळी होतीच. सात आठवड्यांनी त्यांना सतत तहान लागू लागली, पोट साफ होईना, अन्नाचा वास नको झाला आणि त्या बोलताना शब्द विसरू लागल्या. घरच्यांना वाटले, पक्षाघात. रक्तातले कॅल्शियम १३.४ निघाले, जे साधारण साडेदहाच्या आत असावे लागते, आणि मूत्रपिंडांवरही ताण आलेला होता. पाच दिवस सलाइन लागले.

रुग्णालयात मी त्यांचा बिस्किटांचा जुना डबा उघडला तेव्हा त्यात एकोणपन्नास रिकाम्या पुड्या नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. वहिनी काटकसरी, काही फेकत नाहीत. ‘अगं, मी तर रोज एक घेत होती, दूध वाया जाऊ नये म्हणून,’ त्या म्हणाल्या, जणू माझीच काही समजूत घालायची होती. हिशेब साधा आहे. प्रौढ बाईला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरेसे धरले तर एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचा शिधा. एकोणपन्नास पुड्या म्हणजे तेरा वर्षांचा. तो त्यांनी सात आठवड्यांत संपवला. ब आणि क जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. ड चरबीत साठते आणि महिनोन्महिने राहते, म्हणून वहिनींना घरी आल्यावरही बराच काळ दूधसुद्धा मोजून घ्यावे लागले. मोठ्या मात्रेचा आणखी एक धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. तिथे सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले होते, सोय म्हणून. २०१० साली निकाल आला तो उलटा, त्या गटात पडणे आणि हाडे मोडणे दोन्ही जास्त झाले. गोळी चांगली म्हणून जास्त गोळी अधिक चांगली, हे गणित शरीर मानत नाही.

वहिनींच्या बाबतीत डॉक्टरांनी, दुकानदाराने, त्यांनी स्वतः आणि मी, घरात औषधांचे जाणणारी असून, प्रत्येकाने एकेक छोटी गोष्ट सोडून दिली. माझा वाटा मी विसरत नाही. दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होते आणि डबा ओट्यावरच असे.

याचा अर्थ जीवनसत्त्वांना नावे ठेवावीत असा नाही. ज्यांना खरेच कमतरता आहे त्यांच्यासाठी ती औषधच आहेत, आणि एका बाबतीत तर आपण कमी पडतो आहोत. ब-१२, ज्याला सगळे ‘बी ट्वेल्व्ह’ म्हणतात, ते वनस्पतीत नसते. दूध-दही बेताने घेणाऱ्या शाकाहारी बाईला वयाबरोबर त्याची उणीव होऊ शकते, आणि तिला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर आतड्यातून त्याचे शोषण आणखी घटते. मग तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि ‘शुगरमुळे नसा गेल्या’ असे म्हणून सोडून दिले जाते. त्यातल्या काहींना ब-१२ ची तपासणी करून इंजेक्शन किंवा गोळी दिली तर पाय सुधारतात. उशीर झाला तर नस परत येत नाही. महिला पुरवणीने सरसकट मल्टिव्हिटॅमिन सांगण्याऐवजी मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी बायकांना एवढे एक सांगितले असते, तर मी हे पत्र आभाराचे म्हणून लिहिले असते.

ड जीवनसत्त्वाची कमतरता नागपुरात असावी हेच खरे तर नवल, मे महिन्यात जिथे पारा ४५ अंश ओलांडतो. पण आपल्या रस्त्यांवरची दुचाकीवरची बाई पाहा: सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलने गुंडाळलेला. तिचा इलाजही नाही. आणि ज्या घरी असतात त्या खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मोजतात. ज्या किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते ते काचेतून आत येतच नाहीत. हिवाळ्याचे चार महिने आपल्याकडे ऊन सोसवते, तेव्हा सकाळी दहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर बसले, तूरडाळ निवडायची असली तर तिथेच निवडली, तर ते फुकट मिळते.

गोळ्यांचे एकमेकींशी पटत नाही, हेही कोणी सांगत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेणाऱ्या कितीतरी बायका मी खिडकीवर पाहिल्या. कॅल्शियम त्या गोळीला आतड्यात धरून ठेवते, थायरॉइड हलत नाही, आणि डॉक्टर मात्रा वाढवत जातात. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीचेही तेच. शिवाय पाळी थांबल्यावर लोहाची गरज निम्म्याहून कमी होते, तरी ‘बायकांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत लोह ठासून भरलेले असते. केसांसाठी म्हणून मिळणारे बायोटिन जास्त मात्रेत घेतले तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच तसा इशारा दिला आहे. तपासणीला जाताना ‘काही औषधे चालू आहेत का’ विचारले तर बाई केसांची गोळी सांगत नाही, कारण ती तिला औषध वाटतच नाही.

आणि कायद्यानेही ती औषध नाही. अशा बहुतेक गोळ्या औषधाच्या परवान्यावर न विकता अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर, पूरक आहार म्हणून विकल्या जातात, आणि बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा आशयाची ओळ छापावी लागते. ती भिंगातून दिसेल एवढ्या अक्षरात, तीही इंग्रजीत असते. समोरच्या बाजूला मात्र हाडे, हृदय आणि साखर यांची चित्रे असतात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम जाहिरात करणाऱ्याला जितके लागू आहे, तितकेच ती छापण्यापूर्वी वाचणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, अशी नम्र सूचना.

आमच्या भागातल्या एका सभागृहात हिवाळ्यात ‘मोफत हाडांची तपासणी’ झाली. टाचेला लावायचे छोटे यंत्र, रांगेत पन्नास बायका, आणि जवळपास प्रत्येकीच्या कागदावर लाल किंवा पिवळा पट्टा. टाचेचे यंत्र हा फार तर प्राथमिक अंदाज असतो. हाडांच्या ठिसूळपणाचे निदान खुबा आणि पाठीच्या मणक्यांच्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीवर करतात. ते तिथे कोणी बोलले नाही. दाराशीच टेबलावर बाटल्या होत्या. आणि ज्यांची हाडे खरेच ठिसूळ निघतात त्यांना कॅल्शियमच्या बाटलीवर भागवणे हा तर अन्यायच, कारण त्यांच्यासाठी हाडांची झीज रोखणारी वेगळी औषधे आहेत आणि ती वेळेत सुरू व्हायला हवीत.

खाण्याबद्दल लांबण लावत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बाईला पाश्चात्त्य शिफारशीनुसार दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, ते अन्नासह एकूण; एक पेला दुधात सुमारे ३०० असते, वाटीभर दही, तिळाची चटणी, पालेभाजी धरली तर बरेच अंतर कापले जाते आणि उरलेच तर तेवढ्यापुरती गोळी. मला जास्त काळजी प्रथिनांची वाटते. साठ किलोच्या बाईला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. आपल्या घरांत सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या वरणाचे पाणी आणि भात तिच्या ताटात येतो. त्या वाटीत डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे प्रथिने पाचच ग्रॅम. स्नायू झडतात, साखर जिरवायला जागा उरत नाही, आणि मग आपण बाटलीवरची अक्षरे वाचत बसतो.

संपादक महोदय, माझ्या मागण्या दोनच आहेत. आरोग्यविषयक लेखात गोळीचे नाव येईल तिथे ती कोणाला, किती, किती दिवस आणि कोणत्या तपासणीनंतर, हे आल्याशिवाय लेख छापू नये, आणि त्याच पानावर त्याच गोळीची जाहिरात घेऊ नये. दुसरी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेकडे आहे, ती आपल्यामार्फत पोहोचावी: साठ हजार युनिटच्या पुडीवर ‘आठवड्यातून एकदाच’ हे दोन शब्द मराठीत, ठळक, डोळ्यांना दिसतील असे असावेत. कंपन्यांकडून ते छापून घेण्याला वेळ लागेल, हे मी जाणते. तोवर दुकानदाराने रबरी शिक्का करून घ्यावा आणि पुडी देताना वार विचारून पाकिटावर लिहावा. ‘रविवार’ एवढे लिहिले असते तरी वहिनींना कळले असते.

पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझी मते कापावीत, शिक्क्याची सूचना तेवढी ठेवावी. नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माती
प्रतापनगर, नागपूर